भुकेल्याला आधी भाकर : विहार समितीसाठी एक अभ्यासपाठ



आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो आणि आश्विन पौर्णिमेला संपतो. या तीन महिन्यांत आपल्या विहारात रोज सायंकाळी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. बाया-माणसे पांढरी वस्त्रे नेसून येतात, त्रिसरण-पंचशील होते, एक-दोन प्रकरणे वाचली जातात. दीक्षा घेऊन ज्यांना वर्ष-दोन वर्षेच झाली आहेत, त्यांना धम्माची ओळख याच दिवसांत होते.

आता याच तीन महिन्यांकडे दुसऱ्या बाजूने पाहा. जळगाव-धुळ्याकडच्या मजुराच्या घरात वर्षातले सर्वांत कठीण महिने हेच. मागच्या सुगीची ज्वारी संपलेली असते. कापसाची वेचणी दसऱ्याच्या पुढेमागे सुरू होते, तिला अजून अवकाश असतो. मध्ये निंदणीचे काम मिळते, पण तेही आभाळाच्या मर्जीवर. पाऊस लांबला तर तण नाही म्हणून काम नाही. झड लागली तर शेतात पाय ठेवता येत नाही म्हणून काम नाही. शाळा उघडल्यामुळे वह्या-पुस्तकांचा खर्च त्याच वेळी येतो आणि किराणा दुकानदाराची उधारी वाढत जाते. म्हणजे ज्या काळात आपण ग्रंथाभोवती जमतो, त्याच काळात आपल्याच वस्तीतल्या दोन-चार घरांची चूल एक वेळच पेटते. त्या घरची माणसे बहुधा वाचनाला येतही नाहीत. त्यांचा धम्म कच्चा आहे असे आपण म्हणतो. खरोखर तसे आहे काय?

या प्रश्नाचे उत्तर भगवंतांनी स्वतः दिले आहे. धम्मपदाच्या सुखवग्गात भूक हा सगळ्यांत मोठा रोग सांगितला आहे, आणि तो उपदेश कोणत्या प्रसंगी झाला याची कथा अट्ठकथेत येते. आळवी नगरीत एक गरीब शेतकरी होता. तथागत येणार म्हणून तोही ऐकायला निघाला. पण त्याच दिवशी त्याचा बैल हरवला. बैल शोधता शोधता सकाळ टळून गेली. इकडे भोजन झाले, लोक उपदेशाची वाट पाहत बसले, पण तथागत बोलेनात. दुपारी तो मनुष्य बैल बांधून, उपाशीपोटी, धापा टाकीत आला. तेव्हा भगवंतांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, की अन्न शिल्लक आहे काय? त्याला बसवून जेवू घालण्यास सांगितले. तो जेवला, त्याचा जीव शांत झाला, आणि मग उपदेश सुरू झाला. भिक्खूंनाही याचे नवल वाटले. एका माणसाच्या जेवणासाठी सारी सभा थांबवली! भगवंतांनी त्यांना समजावले की भुकेने व्याकूळ झालेल्याला धम्म समजणार नाही.

ही कथा आपण मुलांना सांगतो, पण तिचा अर्थ विहार समितीने घ्यायचा आहे. सभा थांबली पाहिजे.

याहून महत्त्वाची गोष्ट दीघनिकायात आहे. कूटदंत सुत्तात राजा महाविजिताला त्याचा पुरोहित सल्ला देतो. राज्यात चोऱ्या वाढल्या आहेत. त्या फाशीने किंवा बंदिवासाने थांबणार नाहीत. जो शेती करतो त्याला बी-बियाणे द्यावे, जो व्यापार करतो त्याला भांडवल द्यावे, जो चाकरी करतो त्याला योग्य वेतन द्यावे. चक्कवत्ति-सीहनाद सुत्तात याची उलटी बाजू आहे. एका राजाने निर्धनांना धन दिले नाही. त्यातून दारिद्र्य, दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्र, शस्त्रातून हत्या, आणि शिक्षेच्या भीतीतून खोटे बोलणे आले. म्हणजे पंचशील मोडण्याचे मूळ माणसाच्या पापी स्वभावात शोधत बसू नका, रिकाम्या कणगीत शोधा, असे हे सुत्त सांगते. भूक हे पूर्वजन्मीच्या कर्माचे फळ आहे असे जो म्हणतो, त्याने ही दोन सुत्ते वाचलेली नाहीत. असे बोलणे आपल्यातही अजून ऐकू येते, म्हणून मुद्दाम लिहितो.

आता एका नाजूक विषयाकडे वळू.

आपल्या वाडवडिलांना महारकीच्या मोबदल्यात भाकरी मिळत असे. गावची सारी कामे करायची आणि संध्याकाळी दारोदार फिरून शिळे-उष्टे गोळा करायचे, याला 'हक्क' म्हणत. परमपूज्य बाबासाहेबांनी १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडच्या परिषदेत सांगितले की मेलेल्या जनावराचे मांस सोडा आणि हे उष्टे तुकडे सोडा. पुढल्याच वर्षी, १९२८ साली, त्यांनी मुंबई कायदे मंडळात वतनासंबंधीचे विधेयक आणले. पुढे कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला. भाकरीसाठी पसरलेला हात मागे घेणे हे आपल्या मुक्तीचे पहिले पाऊल होते. त्यामुळे आपल्या माणसाला भूक सांगण्याची लाज वाटते, आणि ती वाटण्यास कारण आहे. आपली आई शेजारणीकडे पीठ उसने मागायला जाताना वाटी पदराखाली झाकून नेते, ती उगीच नाही.

म्हणून भुकेविरुद्धचे आपले काम पुन्हा तुकडे वाटण्याचे होता कामा नये. ज्याला धान्य दिले त्याचा फोटो काढून चौकात फलक लावणे, बाबासाहेबांच्या जयंतीला 'गरिबांना अन्नदान' म्हणून रांग लावणे, हे प्रकार मला पटत नाहीत. खीरदानाबद्दल माझी तक्रार नाही. सुजाताच्या स्मरणार्थ सगळे एका पंगतीत खीर खातात, तेथे देणारा आणि घेणारा असा भेद राहत नाही. पण वर्षातून एक दिवस गोड आणि बाकी दिवस कोणाच्या घरी काय शिजते याची चौकशी नाही, हे चालणार नाही.

संघटनेने भुकेशी कसे लढावे याचा आपल्या परंपरेतला धडा महात्मा फुल्यांचा आहे. १८७६-७७ च्या दुष्काळात सत्यशोधक समाजाची माणसे गावोगाव गेली. सावित्रीबाई स्वतः जुन्नर भागात होत्या. २० एप्रिल १८७७ रोजी ओतूरहून त्यांनी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्या दुष्काळाची हकिगत आहे. त्याच वर्षी पुण्याजवळ धनकवडीस व्हिक्टोरिया बालाश्रम उघडला गेला आणि उपाशी मुलांना रोज जेवण मिळू लागले. त्यासाठी जोतीरावांनी जाहीर विनंती करून मदत मागितली. समाजाची स्थापना होऊन तेव्हा चार वर्षेही पुरी झाली नव्हती. नवी संघटना, थोडी माणसे, तुटपुंजा पैसा. आपल्या विहार समित्यांची स्थिती याहून वाईट आहे काय?

पहिले काम धान्यकोठीचे. याची रीत साधी आहे. वर्षावासात प्रत्येक घराने स्वयंपाकाला बसताना एक मूठ ज्वारी, गहू किंवा तांदूळ वेगळ्या डब्यात टाकावा आणि पौर्णिमेला तो डबा विहारातल्या कोठीत रिकामा करावा. हिशेब करून पाहा. मूठ सुमारे ५० ग्रॅमची धरली आणि वस्तीत ४० घरे असली, तर रोजचे २ किलो, महिन्याचे ६० किलो धान्य होते. पाच माणसांच्या कष्टकरी घराला दिवसाला साधारण २ किलो धान्य लागते. म्हणजे चाळीस घरांच्या मुठीवर एक घर महिनाभर पोटभर जेवते. हा आकडा पाहून कोणी म्हणेल, एवढेच? होय, एवढेच. त्याची दुसरी बाजू पुढे सांगणार आहे. पण झडीच्या आठ दिवसांत, बाळंतपणात, घरधनी दवाखान्यात असताना हे एक घर सावकाराच्या दारात जाण्यापासून वाचते, हे लहान काम नव्हे.

कोठीचे नियम ठरवताना घाई करू नका. धान्य देताना ते उसने म्हणून द्यावे; सुगी झाल्यावर जेवढे नेले तेवढेच परत, सवाई-दिढी नाही. ज्याला परत करणे शक्य नसेल त्याच्या नावापुढे समितीने काही लिहू नये आणि बैठकीत विषय काढू नये. किल्ली दोन स्त्रियांकडे असावी. हे मी विचारपूर्वक लिहितो. कोणाच्या घरी पीठ संपले आहे हे बायकांना आधी कळते, आणि मागणाऱ्या बाईला अध्यक्षाच्या ओट्यावर जाण्यापेक्षा पाणी भरताना दोन शब्द बोलणे सोपे जाते. धान्य कडक उन्हात वाळवून, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून, पत्र्याच्या कोठीत, जमिनीपासून उंच ठेवावे. किडीसाठी विषारी गोळ्या विहारात आणू नयेत. तेथे मुले खेळतात. वही ठेवावी, पण नावांची वही भिंतीवर लावू नये. भिंतीवर फक्त जमा, खर्च आणि शिल्लक किलोंत लिहावे.

आता दुसरी बाजू. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ साली झाला. त्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसाला दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला दरमहा ३५ किलो धान्य मिळते; १ जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. समजा तुमच्या वस्तीत दहा नावे शिधापत्रिकेत चढायची राहिली आहेत : सून लग्न होऊन आली, माहेरचे नाव कमी झाले पण इकडे चढले नाही, दोन मुले जन्मली, त्यांचे दाखलेच नाहीत, भाऊ वेगळा झाला पण कार्ड बापाच्या नावावर राहिले. दहा नावे म्हणजे महिन्याला ५० किलो. चाळीस घरांनी महिनाभर मूठ-मूठ साठवून जे जमवले, जवळजवळ तेवढे धान्य दहा अर्जांनी दर महिन्याला येते, आणि ते कोणाचे उपकार म्हणून नव्हे, कायद्याने येते. कोठी हवीच; पण समितीचा खरा वेळ या अर्जांवर गेला पाहिजे.

हे काम आपल्यातल्या शिकलेल्या मुला-मुलींचे आहे. वर्षावासातल्या एका रविवारी वाचन झाल्यावर सर्वांनी आपापली शिधापत्रिका विहारात आणावी. एकेक कार्ड उघडून घरात माणसे किती आणि कार्डावर नावे किती ते पाहावे. ई-केवायसी कोणाची राहिली आहे ते विचारावे. कायद्याप्रमाणे घरातील १८ वर्षांवरील ज्येष्ठ स्त्री ही कुटुंबप्रमुख असते. कार्डावर तसे आहे का पाहावे. दुकानदार किती देतो आणि पावतीवर किती निघते, हे दोन आकडे शेजारी-शेजारी लिहावेत. फरक दिसला तर भांडत बसू नये. दोन-चार घरांच्या पावत्या जोडून तहसील कचेरीच्या पुरवठा शाखेत लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते. गाव पातळीवर दक्षता समिती असते. तिच्यावर आपल्या वस्तीतले कोण आहे, हे बहुतेक गावांत कोणालाच ठाऊक नसते. मला विचाराल तर कधी कधी सदस्यालाही ठाऊक नसते.

अंगठ्याचा त्रास आपल्याकडे फार आहे. केळीच्या बागेत चीक लागून, खडी फोडून, कापूस वेचून बोटांच्या रेषा झिजतात आणि यंत्र माणसाला ओळखत नाही. म्हाताऱ्या माणसांचे तर नेहमीचेच. अशा वेळी रिकामी पिशवी घेऊन परतायचे नसते. केवळ अंगठा जुळला नाही म्हणून खऱ्या लाभार्थ्याला धान्य नाकारू नये, असे केंद्र सरकारचे २०१७ सालचे लेखी निर्देश आहेत. दुकानात जाताना बरोबर एक लिहिता-वाचता येणारा माणूस गेला, की निम्मे काम होते. चाळीसगाव, पारोळ्याकडून जी कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात त्यांनी लक्षात ठेवावे की त्याच कार्डावर दुसऱ्या जिल्ह्यात, गुजरातसारख्या दुसऱ्या राज्यातसुद्धा धान्य उचलता येते. कार्ड घरी पेटीत कुलूपबंद ठेवून जाऊ नका. निदान त्याचा क्रमांक बरोबर न्या.

काही नवदीक्षित कुटुंबे मला विचारतात, की धर्म बदलला, आता रेशन तर बंद होणार नाही ना? होणार नाही. शिधापत्रिका उत्पन्नावर ठरते, धर्मावर नाही. अनुसूचित जातीच्या सवलतींबद्दलही अशीच भीती घातली जाते; १९९० सालच्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातींमध्ये स्थान मिळाले आहे. ही भीती कोण घालतो आणि का घालतो, याचा विचार तुम्हीच करा.

लहान मुलांची भूक निराळी असते. मूल रडते तोवर ठीक. जे उपाशी मूल रडायचे थांबते आणि कोपऱ्यात बसून राहते त्याची काळजी करावी. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांसाठी अंगणवाडीत दंड मोजायची पट्टी असते. दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर मूल अतितीव्र कुपोषित, ११.५ ते १२.५ च्या मधे असला तर मध्यम. महिला मंडळाने अंगणवाडीताईंना विहारात बोलवावे आणि एका सकाळी वस्तीतल्या सगळ्या मुलांचे दंड मोजून घ्यावेत. लाल पट्ट्यातल्या मुलाला घरगुती उपाय नव्हे, आरोग्य केंद्र. गरोदर बाईला, आणि बाळंतपणानंतर सहा महिने स्तनदा मातेला, अंगणवाडीतून आहार मिळण्याचा हक्क याच २०१३ च्या कायद्यात आहे. सासूबाई 'आमच्या वेळी कुठे होते' म्हणतील. त्यांच्या वेळी त्यांनी काय सोसले, हेही त्यांना एकदा विचारावे.

शाळेचे सांगायचे तर, आम्हा शिक्षकांना एक गोष्ट न मोजता कळते : सोमवारी खिचडी जास्त लागते. शनिवारच्या जेवणानंतर काही मुले थेट सोमवारी पोटभर जेवतात. शाळेतले हे शिजवलेले अन्न सर्वोच्च न्यायालयाच्या २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने देशभर बंधनकारक झाले. त्याच प्रकरणात २० एप्रिल २००४ रोजी न्यायालयाने सांगितले की स्वयंपाकी व मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्तींना प्राधान्य द्यावे. या एका ओळीत पोट आहे आणि जातीचा अंतही आहे. आपल्या बाईच्या हातची खिचडी साऱ्या गावची लेकरे एका पंगतीत खातात, ही चवदार तळ्याच्या पाण्याइतकीच मोठी गोष्ट आहे. पण आपल्या किती गावांत तशी बाई आहे? शाळा व्यवस्थापन समितीत आपले पालक बसतात, बैठकीत मागे बसतात आणि सही करून येतात. पुढच्या बैठकीत हा आदेश तारखेसह सांगावा आणि चर्चा इतिवृत्तात लिहून घ्यावी.

धान्य मिळाले तरी मजुरी नसेल तर मीठ-मिरची कोठून येणार? १९७२ च्या दुष्काळात आपल्या आई-वडिलांनी खडी फोडली, सुकडी खाल्ली, मिलो नावाच्या लाल ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या. त्या अनुभवातून वि. स. पागे यांच्या विचाराने रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७७ साली महाराष्ट्राने तिचा कायदा केला. देशाचा कायदा २००५ साली आला. योजनेची नावे आणि नियम त्यानंतरही बदलत आले आहेत, पण मजुराच्या दृष्टीने मुद्दा एकच : काम लेखी मागायचे असते. मागणीचा अर्ज आणि त्याची तारखेची पोच नसेल, तर काम मागितलेच नव्हते असे सरकारी दप्तर म्हणते. दहा-पंधरा जणांनी मिळून एकाच दिवशी अर्ज द्यावा.

जमिनीचा प्रश्न यामागे उभा आहेच. १९५९ साली कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह केला, त्यात खानदेशही होता. ६ डिसेंबर १९६४ पासून तो देशभर झाला. मागणी होती पडीक जमिनीची, भिकेची नव्हती. हा विषय मोठा आहे, त्यावर स्वतंत्र लेख लागेल.

आणखी एक. कोठी विहारात असली तरी ती केवळ बौद्धांची नाही. यावल, रावेर, चोपडा आणि शिरपूर या तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याशी पावरा, भिल्ल, तडवी बांधव राहतात. आपल्याहून बिकट स्थितीत राहतात. आपल्या गावातली भिल्ल वस्ती, मातंग वस्ती, मुसलमान विधवा यांच्या शिधापत्रिकाही त्याच रविवारी तपासाव्यात. काही जण म्हणतील, आधी आपले बघा. ज्यांना गावाने 'आपले' म्हणून कधी मोजले नाही, त्यांनी तरी असे बोलू नये.

पैशाची सबब कोणी सांगू नये. जयंतीच्या डीजेचे एका रात्रीचे भाडे किती होते ते तुमच्या मंडळाच्या वहीत आहे. त्यातून पत्र्याची कोठी, वजनकाटा, एक वही आणि अर्जांच्या झेरॉक्स आरामात होतात.

३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब न्यायालयीन कामासाठी धुळ्यास आले होते आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात थांबले होते. त्या दिवसाच्या स्मरणार्थ दरवर्षी ३१ जुलैला आपण हजारोंनी तेथे जमतो. वर्षावास तेव्हा नुकताच लागलेला किंवा लागणार असतो. या वेळी प्रत्येक गावच्या समितीने तेथे जाताना एक कागद बरोबर न्यावा : वस्तीत घरे किती, शिधापत्रिकेत राहिलेली नावे किती, लाल पट्ट्यातली मुले किती. शेजारच्या गावच्या कार्यकर्त्याशी तो अदलाबदल करावा, कोणत्या कचेरीत कोणता अर्ज अडला हे एकमेकांस सांगावे. मग आश्विन पौर्णिमेला, वर्षावासाच्या समारोपात, ग्रंथाचे शेवटचे प्रकरण वाचण्यापूर्वी कोठीची वही उघडून जमा, खर्च आणि शिल्लक सर्वांसमोर मोठ्याने वाचावी. अर्ज किती दिले आणि नावे किती चढली, तेही त्याच वेळी वाचावे.